नृपेन साँतराचे गुडघे

कलकत्त्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात नृपेन साँतराला लोक तोंडावरून कमी आणि गुडघ्यांवरून जास्त ओळखायचे. लिलाव रविवारी असायचा. माल बघायला हॉल शनिवारी उघडा ठेवत. त्या दिवशी नृपेन धोतराचा सोगा आवरून, चष्मा कपाळावर चढवून, पेन्सिलीएवढी बॅटरी हातात घेऊन हॉलभर हिंडायचा. एखाद्या कपाटापुढे त्याने गुडघे टेकले आणि मान खाली घातली, की आजूबाजूचे बोलायचे थांबत. कारण लाकडाचं वय वरून कळत नाही. वरून पॉलिशवाला म्हणेल ते वय. खरं वय खाली आणि मागे असतं, जिथे सुताराने कधी कुणी बघेल असं मनातही आणलेलं नसतं. तिथे करवतीच्या खुणा सरळ आहेत की गोल, स्क्रूची खाच मधोमध आहे की हाताने कापल्यासारखी एका बाजूला सरकलेली, खणाची कड रोजच्या ओढण्याने झिजली आहे की कुणी काचकागदाने झिजवली आहे, हे बघायचं तर जमिनीला नाक लावावं लागतं.

आता यातली मेख सांगतो. नृपेन एकटा नव्हता. बोबाजारातल्या सहा दुकानदारांचं एक दल होतं आणि नृपेन त्या दलाचा डोळा. हॉलमध्ये सहाजणांनी एकमेकांवर बोली चढवायची नाही, एकानेच गप्प हात वर करायचा, वस्तू मातीमोलाने उचलायची, आणि मग मागच्या गल्लीतल्या चहाच्या केबिनमध्ये पडदा ओढून तिचा खरा लिलाव आपापसात करायचा. तिथे जो सर्वात जास्त बोलेल त्याची वस्तू, आणि वरचा पैसा बाकीच्यांत वाटून. विकणारा बिचारा घरी बसून नशिबाला दोष देत असायचा.

आणि गुडघ्यांची युक्ती दलाचा म्होरक्या बटुक शील याची. बटुकदा म्हणजे पानाने रंगलेलं तोंड, पांढराशुभ्र बंगाली कुडता आणि खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. तो म्हणाला होता, "नेपू, सगळा हॉल तुझ्या गुडघ्यांकडे बघतो. मग भंगारापुढे टेकत जा ना! बाहेरची गिऱ्हाइकं भंगारावर पैसे उधळतील आणि चांगला माल आपल्याला मोकळा." तेव्हापासून तसंच चाललं होतं. नृपेन गुडघे टेकायचा तो फक्त कचऱ्यापुढे. सोनं दिसलं तर उभ्या उभ्याच बघायचा आणि पुढे जाऊन चष्मा पुसायचा. चष्मा पुसला की दलाला कळायचं.

त्या शनिवारी तो चिनी फुलदाण्यांच्या मागे वळला आणि तिथेच थबकला. समोर सुरमाबौदीचं टेबल उभं होतं.

सुरमाबौदी म्हणजे सुरमावहिनी, त्याचा मित्र शिबेन, त्याची बायको. शिबेन जाऊन वर्ष होत आलं होतं. नृपेनचं स्वतःचं घर कधी झालं नाही, पण शिबेनच्या घरी त्या गोल टेबलाशी बसून त्याने किती लुच्या, त्या मैद्याच्या पुऱ्या, खाल्ल्या असतील त्याला हिशोब नाही. बौदी त्याला सख्ख्या दिरासारखं ठाकुरपो म्हणायची. आणि इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून त्याने एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं. ज्या घरात जेवतो त्या घरच्या टेबलाखाली बॅटरी मारायची नाही, एवढी एकच लाज त्याने सांभाळून ठेवली होती.

आता मात्र त्याने वितीने मोजलं. अगदी सहज हात फिरवल्यासारखं, एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवं. आडव्या अंगाने टेबल दोन बोटं कमी भरलं. लाकूड आडवं आकसतं, आणि इतकं आकसायला त्याला शंभराच्या पुढची वर्षं लागतात. गोल दिसणारं ते टेबल खरं म्हणजे आता गोल राहिलेलंच नव्हतं. शिसवीचं, एका खांबावर उभं, खांबाला कमळाच्या पाकळ्या, त्या पाकळ्यांवर कुणाच्या तरी घाईची छिन्नी. कंपनी सरकारच्या कुठल्या साहेबासाठी इथल्याच मिस्त्रीने केलेलं. असं टेबल नृपेनने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा परक्याच्या घरात.

लिलावाच्या छापील कागदावर लिहिलं होतं, "गोल टेबल, जुने, एक." कमीत कमी किंमत काही ठेवलेली नव्हती. बौदीच्या पुतण्याने, तपूने, सही करून आणून टाकलं होतं.

"काय रे, भूत बघितलंस का?" बटुकदा मागे येऊन उभा होता.

नृपेनच्या डोक्यात त्या एका क्षणात काय काय फिरलं! चष्मा पुसावा तर टेबल दलाला जाणार, चार-पाचशेला, आणि बौदीच्या हाती करवंटी. न पुसता पुढे जावं तरी बटुकदा काही आंधळा नाही, तो स्वतः वाकेल. लिलावाच्या मालकाच्या कानावर घालावं, तर मालकाचा मोठा कारकून बटुकदाचा मेहुणा. दल सोडून उघड बोली लावावी, तर पांचू रायचं काय झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पांचू एकदा दलाच्या विरुद्ध बोलला. त्यानंतर त्याने साध्या स्टुलावर हात वर केला तरी सहाजण मिळून त्याचा भाव गगनाला भिडवायचे आणि मग सोडून द्यायचे. पांचू आता सियालदा स्टेशनबाहेर कंगवे विकतो.

आणि मग त्याला ती कल्पना सुचली. त्याला वाटलं, देवानेच सुचवली. त्याने धोतर आवरलं आणि सुरमाबौदीच्या टेबलापुढे दोन्ही गुडघे टेकले.

चांगला वेळ घेतला त्याने. खाली बॅटरी मारली, बोटाने खरवडलं, जीभ चुकचुकवली. बटुकदा हसला, "बरं, बरं, भंगार होय," असं पुटपुटला आणि पुढे सरकला. दल गेलं. आणि कडेला उभ्या अलीपूरच्या झुनझुनवाला बाई आणि दार्जिलिंगच्या हॉटेलचा तो टायवाला माणूस, दोघंही टेबलाकडे बघू लागल्याचं नृपेनने वाकल्या वाकल्या टिपलं. एकाच नमस्कारात दोन देव! दल बाजूला झालं आणि बाहेरची गिऱ्हाइकं पेटली. उठताना गुडघे दुखले, पण मन इतकं हलकं झालं होतं की त्याने हॉलबाहेर येऊन चक्क एक रसगुल्ला खाल्ला.

संध्याकाळी बौदी त्याच्या दुकानात आली. वीज गेली होती, मेणबत्तीच्या उजेडात ती उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांमधून वाट काढत आत आली.

"ठाकुरपो, रागावलात?"

"रागावू नको तर काय करू? टेबल विकायचं तर आधी मला नाही सांगायचं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दयेपोटी दुप्पट दिले असतेत. मला नाही चालत ते. लिलावाचा पैसा कसा स्वच्छ असतो. कुणाचा कुणावर उपकार नाही."

स्वच्छ पैसा म्हणे! नृपेनला हसावं की रडावं कळेना.

बौदीची अडचण त्याला ठाऊक होती. घरमालकाने घर रिकामं करायला लावलं होतं, उद्या किल्ली द्यायची. दोनच वाटा होत्या. एक बेहालाला, थोरल्या जावेकडे. त्या घरी स्वयंपाकीण महिन्यापूर्वीच काढून टाकली होती, कारण सुरमा येणार होती. दुसरी वाट चंदननगरला. तिथे गंगेजवळ एक खोली विकाऊ होती, पुढे तुळशीपुरतं अंगण, आणि कागद बौदीच्या स्वतःच्या नावावर होणार होता.

"खोलीवाले उद्या संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहेत," बौदी म्हणाली. "अर्धे म्हणजे वीस हजार आत्ता, बाकीचे दुर्गापूजेनंतर. खरं सांगा ठाकुरपो, येतील का हो टेबलाचे वीस हजार? का मी उगाच स्वप्नं बघतेय?"

इथे गप्प बसला असता तर शोभलं असतं. पण रसगुल्ला अजून तोंडात विरघळत होता.

"वीस? बौदी, पंचवीसच्या खाली आलं तर माझं नाव बदला. त्यांना हो कळवून टाका."

बौदीने पदराने डोळे टिपले. मग लाजून म्हणाली, "जावेला नाही म्हणून सांगताना मला इतका आनंद होईल ना, पाप लागेल."

रविवारी हॉल भरलेला होता. मेट्रोसाठी अर्धा चौरंगी रस्ता खणून ठेवल्यामुळे लोक चिखलाचे पाय घेऊनच येत होते. नृपेन मागच्या रांगेत बसला. दलाची एक जुनी सवय होती. ज्या भंगारापुढे नृपेनने गुडघे टेकले ते पुकारायची वेळ आली, की सहाजण उठून बाहेर चहा प्यायला जात. त्यात बघायचं काय असतं? कितीतरी वर्षं ते भंगार कितीला गेलं, कुणी घेतलं, घेतलं की नाही, हे त्यांच्यापैकी एकानेही कधी बसून पाहिलं नव्हतं. आज बाकीचे पाचजण उठले. नृपेन म्हणाला, "पोटात ठीक नाही, चहा नको," आणि बसून राहिला.

हालदारबाबू पुकारायला उभे राहिले. "गोल टेबल, जुनं, शिसवी. चला, तीन हजारापासून सुरुवात करू या."

कुणी हललं नाही.

"दोन हजार? एक हजार? अहो, नुसतं लाकूड तेवढ्याचं आहे! बरं, आठशे."

नृपेनने झुनझुनवाला बाईंकडे पाहिलं. त्या त्याच्या पुढच्याच रांगेत होत्या. त्यांच्या नवऱ्याने हात उचलायला सुरुवात केली तोच त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"अहो, खाली ठेवा हात! तो चष्मेवाला काल याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता."

"मग? चांगलंच असेल ना?"

"तुम्ही ना अगदी भोळे. तो टेकतो ते सगळं खोटं निघतं. दोनदा फसलेय मी. अख्ख्या अलीपूरला माहीत आहे."

हॉटेलवाला टायवाला शेजारच्याला काहीतरी सांगून हसत होता. नृपेनला ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या गुडघ्यांनी जी दवंडी पिटली, ती सगळ्या शहराने नीट ऐकली होती. ऐकली नव्हती ती फक्त त्याने, कारण तो बाहेर चहा पीत होता.

"पाचशे?" हालदारबाबूंचा आवाज कंटाळलेला. "तीनशे तरी?"

"दोनशे," कोपऱ्यातून सादेक मियाँ म्हणाला. सादेक मियाँ जुनं लाकूड घेऊन तसबिरींच्या चौकटी करायचा. त्याच्या वखारीत संध्याकाळपर्यंत टेबलाचे बारा तुकडे झाले असते.

"दोनशे एक वार. दोनशे दोन वार."

नृपेनचा हात वर गेला. त्याने ठरवून केला असं म्हणता येणार नाही. गरम तव्यावरून हात जसा आपोआप निघतो तसा तो गेला.

"तीनशे, साँतराबाबू!" हालदारबाबूंनी चकित होऊन भुवया उंचावल्या. सादेक मियाँने लगेच मान हलवून माघार घेतली, दलाच्या माणसावर तो कधी बोली चढवत नसे. हातोडा पडला. आणि त्याच क्षणी नृपेनने दाराकडे पाहिलं तर बटुकदा हातात मातीचा चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभा होता.

तो सावकाश आला, शेजारी बसला आणि त्याने नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला.

"नेपू, गुडघेही टेकलेस आणि हातही वर केलास? दोन्हीतलं एकच करायचं असतं रे बाबा."

"बटुकदा, मी..."

"आम्हाला भंगार म्हणून दाखवायचं आणि आपण एकट्याने गिळायचं? इतक्या वर्षांत तुला ही बुद्धी आज सुचली!" आवाज मायेचा होता, म्हणूनच नृपेनच्या अंगावर काटा आला.

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की विकणारीला जास्त मिळावं म्हणून मी तुम्हाला फसवलं? ते तर त्याहून मोठं पाप. लोभ दलाला कळत होता, दया कळली नसती. उद्यापासून नृपेन सियालदाला पांचूच्या शेजारी बसला असता.

"चूक झाली, बटुकदा," तो म्हणाला. "मोह पडला."

बटुकदा खुलला. "पडतो रे, पडतो. मोह माणसालाच पडतो. चल आता केबिनमध्ये, सगळ्यांसमोर ठेव. नियम तो नियम."

केबिनमध्ये पडदा ओढला गेला. मोगलाई पराठे आले, कांदा आला. नृपेनने आयुष्यात पहिल्यांदा तिथे स्वतःसाठी जीव तोडून बोली लावली. टेबल परत मिळालं तर उचलून बौदीला देऊन टाकायचं, हा एकच विचार. दुकानातला सगळा माल, बँकेतलं किडूकमिडूक, सगळं त्याने मनातल्या मनात विकलं. पण तिथेही तो अडकला. तो जितका वर जाई तितकी बाकीच्यांची खात्री पटे. नेपू सोडत नाही म्हणजे माल अव्वल! एरवी दहा-बारा हजारांत संपलं असतं ते त्याच्याच हट्टाने चढत गेलं. सोळाला त्याचा श्वास संपला. तो थांबला. बटुकदाने सतरा म्हटलं, पराठ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि टेबल त्याचं झालं. वाटणीत नृपेनच्या हातात नोटांची एक पातळ गड्डी आली. शिक्षा म्हणून त्याचा वाटा अर्धा केला होता, आणि हेही बटुकदाने हसतच सांगितलं.

"आणि नेपू, पुढच्या शनिवारी चष्मा घरी विसरू नकोस हां," दलातला एकजण म्हणाला आणि सगळे खो खो हसले. म्हणजे माफी झाली होती. त्याला दलातून काढलं नव्हतं. उलट आता तो आधीपेक्षा घट्ट त्यांचा झाला होता.

बोबाजारात परत येईपर्यंत ट्रामच्या तारा संध्याकाळच्या उजेडात चमकायला लागल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर सुरमाबौदी बसलेली होती. शेजारी एक पत्र्याची ट्रंक, वळकटी, आणि कापडात गुंडाळलेली गोपाळाची मूर्ती. घराची किल्ली देऊन झाली होती.

"तपू हॉलमध्ये गेला होता," ती म्हणाली. "सांगत होता, तीनशेला गेलं. आणि तुम्हीच घेतलंत म्हणे."

नृपेनने मान हलवली.

"मला वाटलं, तपूने ऐकण्यात चूक केली. तीनशेला तर आमची शिलाई मशीनसुद्धा नाही जाणार." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. रागाने नाही, नुसतीच बघत होती. "काय झालं ठाकुरपो?"

रस्त्यात त्याने हजारदा घोकलं होतं, सगळं सांगून टाकायचं. आता जीभ उचलेना. टेबल अस्सल होतं म्हणावं, तर ती विचारणार, मग ते आहे कुठे? बटुकदाकडे म्हणावं, तर तपू उद्या पोलीस घेऊन बोबाजारात उभा. दल, केबिन, ते पराठे, ती सगळी वर्षं, शिबेनच्या मित्राचं खरं तोंड, सगळं या पायरीवर सांडणार. त्याने खिशातली गड्डी काढली.

"घेतलं होतं बौदी, पण लगेच एकाला विकलं. थोडे जास्त आले. हे तुमचे."

"माझे कसे? माझे तीनशे. वरचा नफा तुमचा."

"घ्या हो!"

"ठाकुरपो, मला भीक घालू नका." तिने त्याचा हात मागे सारला. मग हळूच, जरा भीत भीत तिने विचारलं, "खरं सांगा. नवं होतं ना ते टेबल? म्हणूनच कुणी घेतलं नाही ना?"

गड्डी त्याच्या हातातच राहिली. त्याच्या आयुष्यात एकच गोष्ट त्याची स्वतःची होती, लाकडाकडे बघून खरं बोलायची सवय. आणि तीही आता फक्त बौदीपुरती शिल्लक होती.

"हो बौदी," तो म्हणाला. "नवं होतं. माझं चुकलं."

नृपेनला वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, पंचवीस हजारांचा जाब विचारेल. त्याला तेच हवं होतं. पण ती हसली.

"तुमचं काय चुकलं? तुम्हाला आमच्या ह्यांनीच फसवलं असणार, जसं मला. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा माझा हात धरून सांगत होते, सुरमा, माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नाही, पण हे टेबल दीडशे वर्षांचं आहे, याच्या जिवावर तुला कुणाच्या दारात जावं लागणार नाही. आणि मी खुळी! वर्षानुवर्षं त्याच्यावर गरम भांडं ठेवू दिलं नाही कुणाला." तिने पदर खोचला. "जाताना तरी खरं बोलायचं होतं या माणसाने."

"शिबेन असा नव्हता, बौदी." एवढंच नृपेनच्या तोंडून निघालं.

"असू दे. मेलेल्या माणसाची बाजू घेता तुम्ही, तुमचा स्वभावच तसा." तिने हातरिक्षावाल्याला हाक मारली. "बेहालाच्या ट्रामपर्यंत किती घेणार रे?"

नृपेनने ट्रंक उचलून रिक्षात ठेवली, वळकटी ठेवली. गोपाळाला बौदीने मांडीवर घेतलं. रिक्षावाल्याने दांडे उचलले आणि घंटी वाजवत तो गर्दीत शिरला.